खरी होती का नुरा?

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, मला दर्यापूरकडच्या एका गावाची कुस्त्यांची दंगल दाखवायला नेलं होतं. परतीच्या वाटेवर आम्ही फलाटावर शकुंतलेची वाट पाहत बसलो होतो. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला नेणारी ती छोट्या रुळांची गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालायची. वाट पाहायला वेळ भरपूर मिळायचा. फलाटाच्या टोकाला एका लोखंडी पेटीवर दोन माणसं बसली होती. मी त्यांना ओळखलं आणि माझा श्वास अडकला. तासाभरापूर्वी याच दोघांनी शेवटची कुस्ती केली होती. एकमेकांच्या मानेवर थापा हाणल्या होत्या आणि एकमेकांना मातीत रगडलं होतं. पंचांनी शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली होती. आता त्यांतल्या एकाचा उजवा हात उपरण्यानं गळ्यात बांधलेला होता, आणि दुसरा भाकरीचा तुकडा मोडून, ठेच्याला लावून त्याच्या तोंडात घालत होता.

मी आबाजींना हळूच विचारलं, हे भांडत का नाहीत? आबाजी म्हणाले, "नुरा होती थे, बाबू. दोघायनं आंधीच ठरवलं असन." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

गाडीत ते दोघे आमच्याच डब्यात होते. रुळांच्या प्रत्येक जोडावर गाडी हिसका खायची, आणि प्रत्येक हिसक्याला हात बांधलेल्या माणसाच्या तोंडून एक बारीक आवाज यायचा. मोठ्या शरीराच्या माणसाच्या तोंडून तेवढा बारीक आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आधीच ठरवलं होतं तर खांदा कसा काय उतरला, हा प्रश्न मी आबाजींना विचारला नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नातून आलं आहे.

पुस्तकाचा विषय पैशासाठी लढणारा पैलवान हा आहे. पदकासाठी, नोकरीसाठी, 'केसरी' किताबासाठी लढणाऱ्यांवर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. जत्रेच्या इनामावर ज्याची चूल पेटली, त्याच्याबद्दल मात्र फारसं कोणी लिहिलं नाही. त्याचं नाव जाहिरातीच्या कागदावर छापलं गेलं, तो कागद पहिल्या पावसात भिंतीवरून निघून गेला. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, कारंजा या पट्ट्यातल्या अशा माणसांच्या आठवणी पुढच्या पानांत आहेत. बहुतेकांनी नाव छापू नका अशी अट घातली, ती मी पाळली आहे. अट का घातली, ते वाचताना कळेल.

आधी 'नुरा' या शब्दाबद्दल बोललं पाहिजे, कारण आमच्याकडे पैलवानाच्या पूर्ण आयुष्याचा निकाल या एका शब्दावर लावतात. नुरा म्हणजे संगनमतानं केलेली कुस्ती. कोण जिंकणार किंवा बरोबरीत कशी सोडवायची हे दोघांत आधी ठरलेलं असतं. प्रेक्षकाला ती फसवणूक वाटते, आणि त्यानं वर्गणी दिलेली असते म्हणून त्याचा राग रास्तही आहे. पण जरा पैलवानाच्या बाजूनं हिशेब मांडून पाहू.

श्रावणात नागपंचमीपासून दंगली सुरू होतात. पोळ्यापर्यंत हा जोर टिकतो, मग पिकाच्या कामात गावं गुंततात आणि पुढं हिवाळ्यातल्या जत्रांपासून चैत्रापर्यंत पुन्हा मैदानं भरतात. धंदेवाईक पैलवानाची वर्षाची कमाई या काही आठवड्यांत व्हायची असते. सोमवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. मातीतल्या जुन्या कुस्तीला गुण नाहीत. दोन्ही खांदे मातीला लागले की चीतपट. तोवर घड्याळ चालू, आणि दोघेही तुल्यबळ असले तर तास-तास कोणी पडत नाही. जिंकला तर पूर्ण इनाम, हरला तर गावाची मर्जी असेल तेवढं, बरोबरीत सुटली तर निम्मं-निम्मं. आता समजा, सोमवारी जीव ओतून लढला आणि गुडघा गेला. मग बुधवार गेला, शनिवार गेला, मोसम गेला. घरी म्हैस विकायची वेळ आली. म्हणून दोन शहाणे पैलवान कधीकधी आदल्या रात्री ठरवत, की उद्या वीस मिनिटं लोकांना डाव दाखवू, मग पंचांनी हात वर केले की निम्मं-निम्मं घेऊन दोघेही धडधाकट पुढच्या गावाला जाऊ. मला यात लबाडीपेक्षा मजुराचा हिशेब जास्त दिसतो. उद्या कामावर उभं राहता यावं म्हणून आज अंग राखून काम करणं, एवढंच ते आहे.

आणि तरीही अंग राखता येत नाही, हा या पुस्तकाचा खरा गाभा. ढाक हा डाव लावायचा ठरलेला असतो, तो कोणत्या बाजूला लावायचा हेही ठरलेलं असतं. पण शंभर किलोचं अंग हवेतून खाली येताना माती तितकीच कडक लागते. आपला हात कुठं अडकेल, समोरच्याचा पाय कुठं घसरेल, हे कोणाच्या ठरवण्यावर चालत नाही. पुढे भेटलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं मला सांगितलं, "पडाचं ठरवता येते, पडल्यावर काय मोडन थे ठरवता येत नाही." त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नाही. दोन्ही बोटं नुरा कुस्तीतच गेली.

आता जिच्यासाठी ही प्रस्तावना मला लांबवावी लागते आहे, तिच्याकडे येतो. हमीदा बानू. जन्म उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा, तालीम अलीगढची, आणि आयुष्याचा शेवट आपल्या कल्याणला. १९४० आणि १९५०च्या दशकांत ही बाई पुरुषांशी कुस्ती करायची आणि त्यावर पोट भरायची. तिच्या खुराकाची यादी त्या काळी वर्तमानपत्रांत छापून यायची. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलोच्या आसपास बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव, दोन थाळ्या बिर्याणी. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. दिवसात सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. लोक ती यादी नवलाईनं वाचत. मी ती वाचतो तेव्हा मला त्यात धंद्याचा खर्च दिसतो. कारागिराला अवजार धार लावून ठेवावं लागतं, तिला हे शरीर रोज एवढ्या दामानं राखावं लागत होतं.

१९५४ साली तिनं जाहीर आव्हान दिलं की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कोलकात्याचा एक नामवंत तिनं पाडला आणि ती बडोद्याला आली. तिथं छोटा गामा या पैलवानाशी तिची कुस्ती ठरली होती. बाईशी लढणार नाही म्हणून तो ऐनवेळी मागं हटला. मग बाबा पैलवान उभा राहिला. मे १९५४मध्ये ही कुस्ती झाली आणि तिनं ती १ मिनिट ३४ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी मुंबईत तिनं रशियाच्या वेरा चिस्तिलीनला एका मिनिटाच्या आत हरवल्याची बातमी छापून आली.

महाराष्ट्रानं तिला कसं वागवलं, हे वाचकाला माहीत असलं पाहिजे. कोल्हापुरात तिनं पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी दगड मारले आणि जमाव आवरायला पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, तिथल्या कुस्ती संघटनेनं हरकत घेतली आणि ती रद्द झाली. तिच्या कुस्त्यांना मुंबई राज्यात बंदी आली तेव्हा तिनं थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर आलं. बंदी ती स्त्री आहे म्हणून घातलेली नाही, आयोजक तिच्यासमोर लुटुपुटीचे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून घातली आहे. (आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. ही बंदी मूर्तिजापूरला लागू नव्हती.)

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, खरी होती का नुरा? दर्यापूरच्या फलाटावर आबाजींनी जो निकाल दिला तोच मुंबईच्या सरकारकडून आला. तिच्या काही कुस्त्या ठरवलेल्या असतील. त्या काळच्या धंद्याचा रिवाज पाहता तसं असण्याची शक्यताही आहे. पण तिच्या १०८ किलोंच्या शरीरावर शेकडो कुस्त्यांचा मार बसला, तो ठरवलेला नव्हता.

१९५४ नंतर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. तिला युरोपात जाऊन लढायचं होतं. तो बेत मोडावा म्हणून तिला काठ्यांनी मारलं गेलं, हातपाय मोडले गेले, पुढं कित्येक वर्षं तिला काठीशिवाय चालता येत नव्हतं, असं तिच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं. ती कल्याणला राहिली, दुधाचा धंदा केला, पैसे संपले तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्यावर विकले. १९८६ साली ती गेली. ज्या बाईला मैदानात शंभर किलोचे पुरुष पाडू शकले नाहीत, तिला मैदानाबाहेर पाडलं गेलं. तिच्या आयुष्याची जी माहिती आज आपल्याकडे आहे, ती जुन्या वर्तमानपत्रांतून आणि नातेवाइकांच्या तोंडून गोळा झाली आहे. तिच्या स्वतःच्या हातचं काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

इथं एक परका माणूस आठवतो. नव्वदच्या दशकात आमच्या गावात केबल आली आणि पोरं अमेरिकेतल्या कुस्त्या पाहू लागली. त्यात मिक फोली नावाचा पैलवान होता. तिकडे 'हार्डकोअर' म्हणून कुस्तीचा एक प्रकार आहे, त्यात काटेरी तारा, खुर्च्या, टेबलं, खिळे सगळं चालतं. निकाल आधी ठरलेला असतो, हे तिथं आता कोणी लपवतही नाही. १९९४ साली जर्मनीत म्युनिकला लढताना फोलीचं डोकं आखाड्याच्या दोरांत अडकलं आणि उजवा कान बहुतेक सगळा तुटून गेला. १९९५ साली जपानमध्ये काटेरी तारा आणि स्फोटांच्या कुस्त्या करून तो जिंकला आणि भाजून निघाला. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये त्याला लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर फेकण्यात आलं. फेकायचं ठरलेलं होतं. तो उठला, पुन्हा वर चढला, आणि पिंजऱ्याचं छत मोडून आत पडला. हे ठरलेलं नव्हतं.

आमच्याकडची मोठी माणसं ते पाहून म्हणायची, "सब्बन खोटं हाये थे." मला फोलीच्या त्या कानाजवळ आमचे पैलवान आठवतात. आपल्याकडे पैलवानाची ओळख मोडलेल्या कानांवरून होते. डोक्याला डोकं घासून, मानेवर हात आपटून कानावरची कातडी आतल्या कूर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साचतं, ते वेळेत काढलं नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कान मुठीसारखा वळतो. नवी पोरं तो कान मिरवतात. म्हातारपणी त्याच कानानं ऐकू कमी येतं, असं मला तिघांनी सांगितलं. फोलीमध्ये आणि आमच्या माणसांत एक फरक मात्र मोठा आहे. फोलीनं १९९९ साली आपली हकीगत स्वतः, कोणा लेखनिकाची मदत न घेता, वहीवर हातानं लिहून काढली आणि ते पुस्तक अमेरिकेत सगळ्यात खपणाऱ्या पुस्तकांत गेलं. माझ्या मते तेच त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम. कुठं मार लागला, किती टाके पडले, किती पैसे मिळाले, हे त्यानं सांगितलं म्हणून लोकांनी त्याला विदूषक न समजता मेहनती माणूस समजलं.

वऱ्हाडात व्यायामाची एक थोर परंपरा आहे आणि तिच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं आपले देशी खेळ करून दाखवले. त्या पिढीनं शरीर कमावणं हे देशकार्य मानलं आणि व्यायामाला जातीपातीच्या वर नेलं. त्याचं ऋण आम्हा सगळ्यांवर आहे. पण त्या शिकवणीतून एक समज नकळत आमच्यात रुजली, की शरीर पूजेसाठी आहे, विकण्यासाठी नाही. पैशासाठी लढणारा मग हलका ठरला. ज्याच्याकडे कोरडवाहू दोन एकर आणि घरात सात माणसं, त्याला शरीराखेरीज विकायला दुसरं काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते योग्यच आहे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. देशातल्या सगळ्यात चांगल्या हौशी पैलवानाला लढायला जाता यावं म्हणून दुसऱ्याला आपलं घर गहाण ठेवावं लागलं. मग गावोगावच्या हजारो पैलवानांनी इनामाची वाट धरली, यात त्यांना दोष कसा द्यायचा?

आता पुढच्या पानांबद्दल. यात डावांची वर्णनं आहेत, पण थोडी. आखाड्याच्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू का घालतात, जोड कशी लावतात, पैलवान मैदानात हात वर करून जोडीदार मागत फिरतो तेव्हा पंच त्याच्या कानात काय बोलतात, हे सगळं आहे. रेवड्यांवरच्या कुस्तीत पहिल्यांदा उतरलेल्या आठ वर्षांच्या पोराची आठवण आहे. त्याला रेवड्या मिळाल्या त्या त्यानं आईला नेऊन दिल्या, आणि आईनं त्या देवासमोर ठेवल्या. पण सगळ्यात जास्त पानं कुस्ती सुटल्यानंतरच्या वर्षांना दिली आहेत. मी ती मुद्दाम लांबवली. पैलवानाची कारकीर्द पस्तिशीला संपते, खुराकाची सवय संपत नाही. बैठका बंद होतात, भूक तीच राहते. अंग सुटतं, साखर वाढते, बैठकांत वाकणारा तोच गुडघा आता संडासला बसू देत नाही. जो माणूस एके काळी गावात शिरला की पोरं मागं धावायची, तो बाजार समितीच्या गेटवर रात्रीचा पहारा करतो. एकानं मला विचारलं, मजुराला पडल्यावर भरपाई मिळते ना, मग मी पडायचीच तर मजुरी करत होतो, मला का नाही? मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शासनानं, जत्रा कमिट्यांनी आणि दंगलीला वर्गणी देणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे. दंगल भरवताना मंडप, लाउडस्पीकर आणि फेट्यांचा खर्च धरतात. त्यातच मैदानावर डॉक्टर आणि लढणाऱ्यांचा विमा धरणं मुळीच अवघड नाही. ज्या कमिटीला हे जमत नाही तिनं दंगल भरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नुरा कुस्त्यांबद्दल या माणसांनी मोकळेपणानं सांगितलं, म्हणूनच त्यांना नाव छापणं नको होतं. नातवंडांना शाळेत कोणी चिडवू नये एवढीच त्यांची इच्छा. वाचकानं हा कबुलीजबाब न्यायाधीशासारखा वाचू नये, ही विनंती.

फलाटावरच्या त्या दोघांचा मी पुढं खूप शोध घेतला. ज्यानं भाकरी भरवली तो वारला होता. ज्याचा खांदा उतरला होता तो भेटला. मी त्याला त्या दिवसाची आठवण सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, बरोबरीचं ठरलं होतं, पण विसाव्या मिनिटाला त्याचा पाय घसरला आणि मी त्याच्या खाली आलो. इनामाचे दोन भाग झाल्यावर त्यानं आपल्या भागातले पैसे माझ्या पेटीत टाकले, मला घरी आल्यावर दिसले. त्या दिवसानंतर या माणसाचा उजवा हात डोक्याच्या वर कधीच गेला नाही. सदरा अजून नातू घालून देतो.

वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत दंगलीची छापील जाहिरात, पंचांची वही, फेटा बांधलेल्या पैलवानाचा फोटो असेल तर तो रद्दीत देऊ नका. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारून त्या फोटोच्या मागं नाव, गाव आणि साल पेन्सिलीनं लिहून ठेवा. कुठल्या कुस्तीत काय मोडलं ते आठवत असेल तर तेही लिहा.

मूर्तिजापूर, नागपंचमी